पाहणी झाली, गाव कळलं का?

पेरण्या उरकल्या की आपल्याकडे आणखी एक हंगाम सुरू होतो. तो पाहण्यांचा. कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची मुलं कार्यानुभवासाठी गावात येतात, समाजकार्याचे विद्यार्थी येतात, एखादी संस्था येते, आणि सरकार तर बारा महिने काही ना काही भरून मागतच असतं. पूर्वी पॅडला लावलेला कागद असे, आता मोबाईलवर ॲप असतं. प्रश्न तेच. घरात माणसं किती, जमीन किती, बागायत किती, जनावरं किती, कर्ज किती, उत्पन्न किती. ओसरीवरचे आजोबा आत चहा सांगतात, पंधरा-वीस मिनिटांत एक कुटुंब उरकतं, आणि दिवसाची घरं भरली की पाहणी करणारा संध्याकाळची एसटी गाठतो.

असे फॉर्म भरून घेणाऱ्यांत आम्ही शेतीखात्याची माणसंही आहोत. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरकुल कुणाला, धान्य कुणाला, दुष्काळी मदत कोणत्या गावाला, हे सगळं शेवटी अशाच कुठल्या तरी रकान्यावर ठरतं. माणसांच्या जगण्याची माहिती कशी गोळा करायची आणि तिच्यावर किती विसंबायचं, याचं एक शास्त्र आहे. समाजशास्त्रातल्या संशोधन पद्धती म्हणतात त्याला. कॉलेजात तो परीक्षेपुरता पेपर. आपण बियाणं घेताना पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचतो, उगवण तपासतो. पाहणी मात्र कुणी तपासून घेत नाही.

अगोदर फॉर्मच्या बाजूनं बोललं पाहिजे, कारण पारावर पाहण्यांना नावं ठेवणं फार सोपं आहे. ‘तीनशे घरांतली तीसच घरं विचारली, त्यावरून गाव कसं कळणार?’ हा प्रश्न हमखास येतो. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्या आया-बहिणींना ठाऊक आहे. अट एकच, भात ढवळलेला हवा. वरचंच शीत उचललं तर तळाला करपलेलं कळत नाही. नमुना पाहणीत हे ढवळण्याचं काम चिठ्ठ्या करतात. घर कुठलं घ्यायचं हे पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर, सरपंचाच्या शिफारशीवर किंवा डांबरी रस्त्यावर ठरत नाही, चिठ्ठीवर ठरतं. तसं झालं तर थोडी घरंही पुष्कळ सांगतात.

या शास्त्रात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या माणसाचं नाव जगभर घेतलं जातं. डॉ. पां. वा. सुखात्मे. त्यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांना शास्त्रशुद्ध बैठक दिली. त्या काळी महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात एक वाद गाजला. कापणीचा तुकडा लहान घ्यावा की मोठा? सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला तर उतारा वाढीव दिसतो. कारण साधं होतं. दोरीच्या कडेवरचं धाट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की माणसाचा कल ते आत ओढण्याकडे असतो. लहान तुकड्याला आकाराच्या मानानं कड जास्त, म्हणून चूकही जास्त. ज्वारीचं धाट मोजताना असं होत असेल, तर माणसाची मिळकत आणि कर्ज मोजताना काय होत असेल?

तिथेच फॉर्मची पहिली मर्यादा आहे. धाटाला आपण कशासाठी मोजले जातोय हे माहीत नसतं. माणसाला असतं. २००२ सालची दारिद्र्यरेषेची पाहणी जुन्या माणसांना आठवत असेल. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. गुण जितके कमी तितकं कुटुंब गरीब. माणशी कपडे किती, वर्षातला बहुतेक काळ दिवसातून किती वेळा पोटभर जेवण मिळतं, कर्ज कुणाकडून, स्थलांतर कशासाठी, असं सगळं त्यात होतं. आता दारात उभं राहून घरच्या माणसाला, शेजाऱ्याच्या देखत, ‘दोन वेळा जेवता का?’ असं विचारल्यावर उत्तर काय यायचं? स्वाभिमानी म्हातारी म्हणणार, ‘खातो की पोटभर.’ तिला चार गुण. आणि ज्याला यादीचं गणित कळलं होतं, त्यानं टीव्हीवर चादर टाकली. दोघांचीही उत्तरं कागदावर सारखीच खरी. कर्जाच्या रकान्याचं तर काय सांगावं! सावकाराकडून घरखर्चाला उचल घेणारा शून्यात, बँक-सोसायटीचंच कर्ज असणारा तीनमध्ये, आणि कर्ज नसून मालमत्ता असलेला चारमध्ये. ज्याला गावात कुणी दारातही उभं करत नाही, त्याच्या कर्जमुक्तीचं काय करायचं, हे रकान्याला सुचलं नव्हतं. पुढं २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत गुण गेले आणि थेट वगळण्याचे निकष आले. पन्नास हजार किंवा त्यावर मर्यादा असलेलं किसान क्रेडिट कार्ड हाही त्यातला एक. म्हणजे पिकासाठी बँकेचं कर्ज मिळण्याची पतच गरीब नसल्याचा पुरावा झाली.

दुसरी मर्यादा प्रश्न कसा विचारला याची. बाईला विचारा, ‘काम काय करता?’ ती म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ पुष्कळदा तर तिला विचारलंच जात नाही, तिच्या वतीनं नवराच सांगून मोकळा होतो. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तेव्हा प्रश्नच बदलला. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब विचारला. मग झाडलोट, पाणी, धार, भाकरी, निंदणी, वैरण, पोरांचं सगळं एकेक करून कागदावर उतरतं. बाई तीच. फक्त प्रश्न नीट विचारला गेला.

तिसरी गोष्ट यादीची. चिठ्ठ्या टाकायला घरांची पुरती यादी लागते. जनगणना झाली २०११ साली, पुढची २०२१ मध्ये व्हायची ती झालीच नाही. मधल्या काळात वस्त्या वाढल्या, घरं फुटली, मळ्यात कोपी टाकून राहणारे वाढले. आणि बीड, अहिल्यानगरसारख्या भागात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडल्या की अर्धी-अर्धी वस्ती कुलपात असते. जानेवारीत गेलेला पाहणीवाला ‘घर बंद’ असा शेरा मारतो आणि शेजारचं उघडं घर घेतो. उघडं घर म्हणजे ज्याला जावं लागलं नाही त्याचं घर. या एका बदलीनं गाव आहे त्यापेक्षा सुखी दिसायला लागतं, आणि अहवालात कुठेही खोटं लिहिलेलं नसतं.

आम्हाला पदविकेला विस्तार शिक्षणात अंगीकाराच्या पायऱ्या शिकवल्या. जाणीव, रुची, मूल्यमापन, चाचणी, अवलंब. त्या विचाराचं मूळ अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी तिथल्या दोन गावांतल्या २५९ शेतकऱ्यांना गाठून संकरित मक्याविषयी विचारलं आणि १९४३ साली अभ्यास छापला. १९२८ ते १९४१ या काळात दोघं सोडून सगळ्यांनी ते बी घेतलं होतं. पहिल्यांदा कानावर घातलं ते बहुतेक करून बियाणं विकणाऱ्यानं, पण मनाची खात्री पटवली शेजाऱ्यानं. आमच्या खात्यात आजही प्रगतिशील शेतकऱ्याच्या बांधावर प्रात्यक्षिक घेतात, त्यामागे हा विचार आहे. मुलाखतीच्या पद्धतीचं हे मोठंच देणं म्हटलं पाहिजे.

पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू बघा. १९४१ साली माणसाला विचारलं, तू हे बी पहिल्यांदा कधी लावलंस? कुणाला बारा वर्षांपूर्वीचं आठवायचं होतं. आपल्याला गेल्या साली सोयाबीनला कुठलं खत किती टाकलं ते सांगताना दोनदा डोकं खाजवावं लागतं. शिवाय अभ्यासकानं गृहीतच धरलं होतं की बी चांगलं आहे, प्रश्न फक्त कोण लवकर घेतो आणि कोण उशिरा एवढाच. उशिरा घेणाऱ्याला पुस्तकात ‘मागासलेला’ असं नावच पडलं. ज्यांनी हा विचार जगभर नेला, त्या एव्हरेट रॉजर्सनीच पुढं कबूल केलं की या संशोधनात नव्या गोष्टीच्या बाजूनं झुकतं माप आहे. गंमत म्हणजे रॉजर्सचे स्वतःचे वडील आयोवातले शेतकरी आणि संकरित मका घ्यायला तयार नसलेले. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा राहिला आणि यांचा वाळला, तेव्हा ते वळले. आपल्याकडे ठिबक न घेणारा, माती परीक्षण न करणारा शेतकरी ‘उदासीन’ या शेऱ्याखाली जातो. त्याची जमीन बटाईनं आहे, विहिरीत त्याचा चार आण्याचा हिस्सा आहे, पाळीला पाणी येतं तेव्हा वीज नसते, हे विचारायला फॉर्ममध्ये जागा नसते. शेरा मारायला असते.

मग दुसरा मार्ग, गावात जाऊन राहायचं. म्हैसूरजवळच्या एका गावात प्रा. एम. एन. श्रीनिवास १९४८ साली राहिले. त्या गावाला त्यांनी लिखाणात रामपुरा म्हटलं. १९७० मध्ये अमेरिकेत त्यांच्या खोलीला आग लागली आणि वर्षानुवर्षांची टिपणं जळाली. तेव्हा त्यांनी बरंचसं आठवणीवर पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं. राहणाऱ्याला भांडण दिसतं, मानपान दिसतो, कोण कुणाच्या ओट्यावर बसत नाही ते दिसतं. एका पाहणीत हे येणार नाही. पण राहायचं म्हणजे कुणाच्या तरी घरी राहायचं. ते स्वतः ब्राह्मण आणि राहायला गावच्या पाटलाच्या आसऱ्याला. बायकांचं आणि दलित वस्तीचं जग आपल्याला तितकंसं दिसलं नाही, हे त्यांनी मोकळेपणानं लिहून ठेवलंय. आणि एका गावावरून दुसऱ्या गावाचं काय सांगणार?

आपल्या पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी तिसरी वाट धरली होती. पिंपळे सौदागर हे गाव घेऊन त्यांनी शेतं, कर्जं, घरं तर मोजलीच, शिवाय जुनी दप्तरंही उघडली. १९१७ साली छापलेल्या त्या अभ्यासात निघालं की १७७१ मध्ये सरासरी धारणा चाळीस एकर होती, ती १९१४-१५ मध्ये सातवर आली. नुसतं त्या सालचं विचारलं असतं तर सात एवढंच कळलं असतं. चाळीसाचे सात कसे झाले, ते दप्तरानं सांगितलं. आज पिंपळे सौदागरात इमारतीच इमारती आहेत, पण त्या गावाच्या शेतीचा हिशेब कागदावर शिल्लक आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत पटणारं काम आपल्याच राज्यात झालं, आणि त्याची आपल्याला फारशी खबर नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संस्थेनं १९७५ साली सहा गावं निवडली. त्यातली सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेड. दर गावात चाळीस कुटुंबं. त्यात दहा भूमिहीन, दहा लहान, दहा मध्यम, दहा मोठे शेतकरी. म्हणजे भूमिहीनाला कुणाच्या मर्जीवर सोडलं नाही, त्याची जागा आधीच राखली. माहिती घेणारा तरुण खेड्यातला, तिथली भाषा बोलणारा, आणि गावातच राहणारा. तीन-चार आठवड्यांनी तो त्याच घरी पुन्हा जायचा. त्यामुळं ‘वर्षाचं उत्पन्न किती?’ असा डोंगराएवढा प्रश्न विचारावा लागला नाही, मागच्या वेळेपासून काय विकलं, काय घेतलं, कुणाचे उसने आणले एवढं पुरायचं. शिरापूर, कानझरा आणि तेलंगणातलं औरेपल्ले या तीन गावांत हे दहा वर्षं अखंड चाललं. २००१ पासून ते काम पुन्हा सुरू झालं.

त्यातून काय निघालं? या तीन गावांचे आकडे घेऊन रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९९४ मध्ये दाखवलं की एखाद्या घरचं पीक बुडालं, माणूस आजारी पडला, तरी त्या घराचा खर्च त्या मानानं कोसळत नाही, तो गावाच्या सरासरीबरोबर चालतो. उसनवार, भाऊबंदकी, शेजार यांचा आधार मोठा. तीनपैकी एका गावात मात्र भूमिहीनांना हा आधार कमी मिळत होता. मग १९९७ मध्ये रॅव्हेलियन आणि चौधरी यांनी त्याच आकड्यांवर बोट ठेवलं. घराचा खर्च कसा काढलाय त्यावर निकाल हलतो, आणि आधार दिसतो तितका पुरा नाही, असं त्यांनी मांडलं. शिरापूरच्या शेतकऱ्यानं पन्नास वर्षांपूर्वी सांगितलेल्या हिशेबावर पुढं वीस वर्षांनी विद्वान भांडू शकले, कारण मूळ टिपणं जपलेली होती. आपल्या तालुक्यात पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीचे फॉर्म कुठं आहेत, विचारून बघा. हेही खरं की सहा गावं म्हणजे जिल्हा नव्हे, आणि इतका खर्च, इतका वेळ प्रत्येक ठिकाणी कुणी देणार नाही.

वेळ नाही म्हणून मग शिवारफेरी आणि रांगोळीचा नकाशा आला. गावकऱ्यांनीच गाव काढायचं, ओढा कुठं, विहिरी कुठं, पड कुठं. पद्धत चांगली आहे, पाणलोटाच्या कामात मी तिचा उपयोग पाहिलाय. लिहिता न येणारा माणूसही काडीनं ओढा बरोबर काढतो. फक्त तो नकाशा कुठं काढला ते विचारायचं. मारुतीच्या पारासमोर सकाळी अकराला काढलेल्या नकाशात निंदायला गेलेल्या बायका नसतात, आणि पलीकडच्या वस्तीची विहीर कधीकधी सगळ्यांत शेवटी, कुणी आठवण केली तर येते. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलं की बाहेरचा पाहुणा डांबरी रस्त्यालगत, कोरड्या दिवसांत आणि पुढाऱ्यांच्या सोबतीनं गाव बघतो. आमच्या जीपलाही चिखलाचं वावडं असतंच.

आता सर्वांत अवघड रकान्याकडे. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ साली आत्महत्यांवर ग्रंथ लिहिला. तो सरकारी आकड्यांवर उभा होता. व्यक्तीचं दुःख म्हणून बघितलं जाणारं मरण समाजाच्या घडणीशी जोडलेलं आहे, हे त्यानं दाखवलं. हे सरकारी नोंदींचं बळ. पण १९६७ मध्ये जॅक डग्लस या अभ्यासकानं विचारलं, ती नोंद करतो कोण? घरचे काय सांगतात, पोलीस काय लिहितात, डॉक्टर काय मानतात, यातून तो आकडा तयार होतो. मरण घडलं तसं ते नोंदीत येतंच असं नाही.

महाराष्ट्राला हा पुस्तकी वाद वाटायला नको. आपल्याकडे २००६ पासून आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत आहे, आणि त्यासाठी पात्र-अपात्र ठरवणारी चौकशी आहे. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी. नापिकी हवी, किंवा बँक, सोसायटी, परवानाधारक सावकार यांचं थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा हवा. बटाईनं करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाही. खासगी सावकाराचा कागद नसतोच, असला तर तो कोऱ्या स्टॅम्पवर सही केलेला, आणि तो सावकाराच्या पेटीत. मुलीच्या लग्नाचं हातउसनं कुणी लिहून ठेवत नाही. शेतात राबणारी बाई गेली तर ‘गृहिणी’. मग शेरा पडतो, अपात्र. पोलीस ठाण्यातून वर जाणारा आकडा वेगळा, महसुलाचा पात्र आकडा वेगळा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजायला सुरुवात केल्यामुळे आधीच्या वर्षांशी तुलना करतानाही जपून राहावं लागतं. विधानसभेत दोन बाजू दोन आकडे घेऊन भांडतात, आणि दोन्ही कागदावर बरोबर असतात.

त्या चौकशीला जाणारा माणूस काही दगड नसतो. दहाव्याच्या आत जायचं, अंगणात माणसं बसलेली, आणि नुकत्याच विधवा झालेल्या बाईला विचारायचं की दारूचं व्यसन होतं काय, घरात भांडण होतं काय. तिचा दीर उत्तर देतो. ती खाली बघते. तो तासभराचा जबाब पुढं कायमचा खरा धरला जातो. याच बाईकडे महिन्यानं, गावातल्या आशाताईला किंवा बचत गटाच्या एखाद्या ताईला सोबत घेऊन, कागद बाजूला ठेवून कुणी बसलं, तर देणेकऱ्यांची नावं एकेक करून निघतात. हे गावातल्या कुणालाही माहीत आहे. नियमात मात्र दुसऱ्या भेटीला जागा नाही. ती असली पाहिजे. अपात्र शेरा मारण्याआधी निदान एक दुसरी भेट, बाई माणसाला सोबत घेऊन, आणि दिराच्या गैरहजेरीत. मदतीचा पैसा त्यानं फार वाढणार नाही. पण कर्ज नेमकं कुठून येतं, ते प्रथमच कळेल.

बाकीच्या पाहण्यांसाठी मागणं मोठं नाही. कोणती घरं घेतली आणि का, हे फॉर्मच्या पहिल्या पानावर लिहा. बंद घराच्या जागी शेजारचं घेऊ नका, टोळी परतल्यावर पुन्हा या. बाईचं उत्तर बाईकडून घ्या. बटाईसाठी वेगळा रकाना ठेवा आणि तो मालकाच्या समोर भरू नका, नाहीतर पुढच्या साली त्याला जमीन मिळायची नाही. कार्यानुभवाच्या मुलांनी तर अहवाल कॉलेजात जमा करण्याआधी गावात वाचून दाखवावा. १५ ऑगस्टची ग्रामसभा आहेच. गोषवारा वाचायला अर्धा तास लागतो, आणि मागं बसलेला कुणीतरी हमखास उठून म्हणतो, ‘आमच्या वस्तीला कुणी आलंच नव्हतं.’ ते वाक्य तारीख घालून अहवालाला जोडायचं.